शेतातल्या नोंदींपासून कॅरीपर्यंत : सॅसची वाटचाल

नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॅरी गावाची ओळख ज्या संस्थेशी जोडली गेली, त्या सॅसचा उगम शेतात आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृषी संशोधन केंद्रांकडे पीकप्रयोगांच्या नोंदींचे ढीग साचत होते. आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे यांच्या 1954 च्या ग्रंथावरून कृषी पदवीधरांच्या पिढ्या जे विचरण-विश्लेषण हाताने करायला शिकल्या, तेच गणित तिथे संगणकावर चढवायचे होते. कॅरीशेजारच्या रॅले शहरातील राज्य विद्यापीठात अँथनी बार यांनी 1966 मध्ये सॅस या संख्याशास्त्रीय संगणकभाषेचा आराखडा मांडला. पुढे जिम गुडनाइट आणि जॉन सॉल त्यांना येऊन मिळाले.

1972 मध्ये सरकारी अनुदान थांबले. काम बंदच पडायचे, पण दक्षिणेकडील विद्यापीठांच्या संख्याशास्त्रज्ञांनी वर्गणी काढून ते जगवले. 1976 मध्ये बार, गुडनाइट, सॉल आणि जेन हेल्विग या चौघांनी विद्यापीठातून बाहेर पडून कंपनी स्थापली. त्याच वर्षी फ्लोरिडात वापरकर्त्यांचे पहिले संमेलन भरले. 1980 मध्ये संस्था कॅरीत आली.

या भाषेला घडवण्यात शंका घेऊन येणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. कोणत्या सुधारणा हव्यात यावर वापरकर्त्यांचे मत मागवण्याची प्रथा इथे रुजली. नवशिक्यांच्या अडचणी मात्र पिढ्यानुपिढ्या त्याच राहिल्या. विधानाच्या शेवटचा अर्धविराम विसरला, की चूक बहुधा पुढच्या ओळीत दाखवली जाते. दोन तक्ते सामाईक रकान्यावरून जोडताना ते आधी क्रमाने लावलेले नसतील, तर काम अडते. तो रकानाच सांगितला नाही, तर ओळीला ओळ जुळवून चुकीचे उत्तर निमूटपणे हाती येते. हे दुसरे अधिक घातक. रिकाम्या आकड्याच्या जागी ठिपका असतो आणि तो कोणत्याही संख्येपेक्षा लहान धरला जातो. म्हणून अठराहून कमी वयाचे रुग्ण मागितले, तर वय न नोंदलेलेही त्यांत येऊन बसतात. तारीख म्हणजे 1 जानेवारी 1960 पासून मोजलेले दिवस; त्या हिशेबाने महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस 121 ठरतो. या सगळ्यांवर अनुभवी माणसाचे पहिले उत्तर एकच असते : आधी लॉग, म्हणजे काम चालताना सॅसने लिहिलेली नोंद, वाचा.

आयबीएमच्या मोठ्या संगणकांसाठी लिहिलेली ही प्रणाली इतर यंत्रांवरही चालावी, म्हणून 1980 च्या दशकात सी भाषेत नव्याने लिहिली गेली. ते वर्षानुवर्षांचे, कष्टाचे काम होते. 1989 मध्ये सॉल यांच्या पुढाकाराने जेएमपी हे आलेखप्रधान साधन आले.

मग आर आणि पायथन या मोफत भाषा विद्यापीठांत पसरल्या. सॅसच्या परवान्याचे शुल्क भरणाऱ्या संस्थांपुढे मोफत पर्याय उभा राहिला. 2014 मध्ये विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य आवृत्ती निघाली. 2016 मध्ये जाहीर झालेल्या वाया प्रणालीत आर व पायथनमधूनही काम करण्याची सोय झाली.

पुण्यात सॅसचे संशोधन-विकास केंद्र उभे राहिले. औषधचाचण्यांची आकडेवारी सॅसमध्ये तयार करणारे अनेक मराठी तरुण आज त्याच शहरात आहेत. नव्याने रुजू झालेल्याला शेजारचा अनुभवी सहकारी आजही ठिपक्याचीच गोष्ट आधी सांगतो.