कॉफीविधी, इथिओपियातील

इथिओपियात कच्च्या, हिरव्या कॉफीबिया घरीच भाजून, कुटून व उकळून पाहुण्यांना कॉफी देण्याचा पारंपरिक विधी. शेजारच्या इरिट्रियातही तो रूढ आहे. ॲरेबिका कॉफीचे मूळस्थान नैर्ऋत्य इथिओपियातील डोंगराळ अरण्यांत असून, देशातील कॉफीच्या उत्पादनाचा मोठा हिस्सा देशातच प्यायला जातो.

विधी सामान्यतः घरातील स्त्री करते. जमिनीवर ताजे गवत पसरतात व धूप जाळतात. धुतलेल्या बिया निखाऱ्यावरील पसरट तव्यात सतत हलवत भाजतात. त्यांचा रंग हिरव्यावरून पिवळा व नंतर तपकिरी होतो. सुमारे २००° से. तापमानाला आतील वाफेच्या दाबाने बिया तडतडतात. त्यापुढे भाजल्यास आंबटपणा घटून कडवटपणा वाढतो. सुगंधी धूर घेता यावा म्हणून तवा पाहुण्यांपुढे फिरवतात.

नंतर बिया उखळात कुटून ‘जबना’ या मातीच्या सुरईत उकळतात आणि कॉफी बिनकानाच्या लहान पेल्यांत ओततात. त्याच चोथ्यात पाणी घालून अबोल, तोना व बरका अशा तीन फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी आधीपेक्षा सौम्य असते. कॉफीत साखर, काही भागांत मीठ किंवा लोणी घालतात. सोबत बहुधा लाह्या असतात.

प्रदेशानुसार चव बदलते. यिर्गाचेफेची धुऊन वाळवलेली कॉफी फुलांच्या व लिंबाच्या गंधासाठी, तर हरारची फळासकट वाळवलेली कॉफी गोडसर फळांच्या स्वादासाठी नावाजलेली आहे. शेजारसंबंध, सांत्वन व सलोखा यांना या विधीचा मोठा आधार आहे.