वळिवडे निर्वासित छावणी

दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पोलिश कुटुंबांसाठी कोल्हापूर संस्थानात वसवलेली छावणी (1943–48). कोल्हापूरच्या पूर्वेस, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील वळिवडे गावाजवळ ती होती. सुमारे पाच हजार पोलिश येथे राहिले. त्यांत स्त्रिया आणि मुले बहुसंख्य होती.

पार्श्वभूमी : सप्टेंबर 1939 मध्ये सोव्हिएट संघाने पोलंडचा पूर्व भाग व्यापला. 1940–41 मध्ये तेथील असंख्य कुटुंबांना सायबीरिया, कझाकस्तान आदी भागांत हद्दपार करण्यात आले. लंडनस्थित पोलिश सरकार व सोव्हिएट संघ यांच्यातील जुलै 1941 च्या सिकोर्स्की–मायस्की करारानंतर त्यांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला आणि 1942 मध्ये अनेकजण इराणात पोहोचले. उपासमार व रोगराईने कित्येक मुले वाटेतच पोरकी झाली होती. अशा मुलांना नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या संस्थानातील बालाचडी येथे आश्रय दिला. वळिवड्यात मुख्यतः कुटुंबे आली. पुढे 1946 मध्ये बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तेथील मुलेही येथेच आली.

व्यवस्था : छावणीचा दैनंदिन कारभार बव्हंशी निर्वासितांच्याच हाती होता. बराकींच्या वसाहतीत दवाखाना, चर्च आणि नाट्यगृह होते. मुलांच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या ठरल्या त्या पोलिश माध्यमाच्या प्राथमिक व माध्यमिक शाळा. हद्दपारीत तुटलेले शिक्षण येथे पुन्हा सुरू झाले. शिक्षकही निर्वासितांमधलेच असल्याने मुलांचे हाल त्यांना सांगावे लागत नव्हते. स्काउट पथके, नाटके व सणसमारंभ यांतून पोरक्या मुलांनाही आपली माणसे मिळाली.

अखेर : जुलै 1945 मध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. पूर्व पोलंड सोव्हिएट संघात गेल्याने बहुतेकांना परतायला घरच उरले नाही. काहीजण पोलंडला गेले. अनेकांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा हे देश जवळ केले. रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आणि वॉर्सातही या छावणीचे स्मारक आहे.

निर्वासित मुलांना छप्पर व अन्नाइतकीच स्वभाषेतील शाळेची आणि आपल्या माणसांची गरज असते. वळिवड्याने ती ओळखली आणि भागवली, हे या छावणीचे खरे महत्त्व होय.