भारित माध्य, सदिश व आव्यूहांचे
प्रत्येक राशीला तिच्या भाराने गुणून येणाऱ्या बेरजेस भारांच्या बेरजेने भागले असता भारित माध्य मिळते. ही रीत जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील (११५०) सुवर्णगणितात १०, ४, २ व ४ मासे वजनाचे आणि अनुक्रमे १३, १२, ११ व १० कसाचे सोने एकत्र आटविल्यास मिश्रणाचा कस २४० ÷ २० = १२ येतो. येथे भार म्हणजे खरेखुरे वजनच होय. निरीक्षणांना विश्वसनीयतेनुसार भार देण्याची कल्पना रॉजर कोट्स यांच्या १७२२ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनात आढळते; तीतही उपमा गुरुत्वमध्याचीच आहे. सदिशांचे माध्य घटकशः काढतात. अलेक्झांडर एटकिन यांनी १९३५ मध्ये परस्परसंबंधित निरीक्षणांसाठी भाराच्या जागी आव्यूह योजला. त्यामुळे भागाकाराऐवजी समीकरणांची संहती सोडवावी लागते.

कागदावर निर्दोष असलेले हे सूत्र संगणकात मात्र फसवे ठरते, कारण यंत्र मोजकेच अंक राखते. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकातील एकल अचूकतेत १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळविल्यास बेरीज तेवढीच राहते. लाखो लहान पदे अशी निमूटपणे गळून पडतात. विल्यम कहान यांनी १९६५ मध्ये गळालेला अंश वेगळा राखून पुढील पदात मिळविण्याची युक्ती सुचविली. डी. एच. डी. वेस्ट यांच्या १९७९ मधील रीतीत मोठी बेरीज साठवावीच लागत नाही : नवी राशी व आधीचे माध्य यांतील फरकास नवा भार भागिले एकूण भार या गुणोत्तराने गुणून तो आधीच्या माध्यात मिळवितात.