अक्षरे मोजणारी माणसे

ए, ई आणि टी ही 3 इंग्रजी अक्षरे दिली, तर ‘चहा’, ‘खाणे’ व ‘खाल्ले’ या अर्थांचे शब्द मुले चटकन सांगतात. पण वेगवेगळी अक्षरे 7 झाली, की त्यांच्या 5,040 मांडण्या होतात. अशा वेळी कोशही उपयोगी पडत नाही. मोल्सवर्थ-कँडी यांच्या 1847 च्या इंग्रजी-मराठी कोशात शब्द पहिल्या अक्षरावरून सापडतो, पोटातल्या अक्षरांवरून नाही.

इतिहासात यावर दोन युक्त्या दिसतात. पहिली मोजणीची. मोर्स व व्हेल यांनी तारायंत्राच्या संकेतासाठी छापखान्यातल्या खिळ्यांचे प्रमाण पाहिले : ई 12,000, तर झेड अवघे 200. म्हणून ई ला एकच टिंब मिळाले. पुढे मंदीत बेकार झालेले अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रातली अक्षरे मोजून एक खेळ रचला. 1948 मध्ये त्याचे नाव ‘स्क्रॅबल’ झाले. त्यात ई च्या सोंगट्या 12, गुण 1. क्यू ची सोंगटी एक, गुण 10.

दुसरी युक्ती क्रमाची. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावली, की वरचे तिन्ही शब्द ‘ए-ई-टी’ या एकाच खणात पडतात. संगणकालाही हीच रीत शिकवता येते.

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवले जाते. पाचोडच्या एखाद्या वर्गात पाठ्यपुस्तकातले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून असे खण सहज करता येतील. मग आम्ही एक प्रश्न सुचवू : ‘काम’ या शब्दात घटक 2, की काना धरून 3? मोजण्याआधी काय मोजायचे ते ठरवावे लागते. हे मुलांना आपले आपणच सापडू द्यावे.