मानसशास्त्रज्ञांची नीतिसंहिता

मनोमापन, समुपदेशन, मानसोपचार, अध्यापन व संशोधन ही कार्ये करताना मानसशास्त्रज्ञाने कोणती बंधने पाळावीत, यासंबंधीच्या लिखित नियमांना मानसशास्त्रज्ञांची नीतिसंहिता म्हणतात. वैद्यकीय नीतीची परंपरा प्राचीन आहे. मानसशास्त्रज्ञांची संहिता मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत प्रथम सिद्ध झाली आणि तिची जडणघडण मुख्यतः प्रत्यक्ष पेचप्रसंगांतून होत गेली.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही संघटना १८९२ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे सभासद बहुतांशी प्राध्यापक व संशोधक होते. जॉन बी. वॉटसन (१८७८–१९५८) व रोझाली रेनर यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका तान्ह्या मुलाच्या मनात पांढऱ्या उंदराविषयी भीती निर्माण केली आणि ती दूर न करताच प्रयोग संपविला. परंतु त्याबद्दल जाब विचारू शकेल अशी नियमावली त्या काळी नव्हती. १९३८ मध्ये तक्रारींच्या विचारार्थ एक समिती नेमण्यात आली, तिच्याही हाती लिखित नियम नव्हते. दुसऱ्या महायुद्धाने परिस्थिती पालटली. सैनिकांची निवड आणि युद्धोत्तर काळात मनोरुग्ण सैनिकांवरील उपचार यांमुळे शेकडो मानसशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून रुग्णालयात आले.

१९४७ मध्ये संघटनेने एडवर्ड टोलमन (१८८६–१९५९) यांच्या अध्यक्षतेखाली संहितेसाठी समिती नेमली. (याच टोलमन यांनी पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाने लादलेली राजनिष्ठेची शपथ घेण्यास नकार दिला व त्यासाठी न्यायालयीन लढा दिला.) १९४८ पासून निकोलस हॉब्ज (१९१५–८३) यांनी हे काम पुढे नेले. समितीने नियम आधी रचून सभासदांपुढे ठेवले नाहीत. नैतिक निर्णय घेण्याची वेळ ज्या प्रसंगी आली, असा स्वानुभवातील प्रसंग लिहून पाठवावा, असे तिने सुमारे ७,५०० सभासदांना कळविले. ही पद्धत जॉन फ्लॅनगन (१९०६–९६) यांनी युद्धकाळात वैमानिकांच्या अभ्यासासाठी वापरली होती. एक हजारावर प्रसंग समितीच्या हाती आले. त्यांचे वर्गीकरण करून १९५३ मध्ये पहिली संहिता प्रसिद्ध झाली. ज्यांनी नियम पाळावयाचे, त्यांच्याच अडचणींतून ते काढावयाचे ही कल्पना त्या काळी अपूर्व होती. मात्र तीत एक उणीव राहून गेली. प्रसंग सांगणारे सर्व मानसशास्त्रज्ञच होते, उपचारार्थींना कोणी विचारले नव्हते. कॅल्व्हिन हॉल (१९०९–८५) यांनी १९५२ मध्येच संहितेच्या कल्पनेला विरोध केला होता : अशा नियमांनी लबाडांना पळवाटा कळतात आणि इतरांना आपण नीतिमान आहोत असे फुकटचे समाधान मिळते, असा त्यांच्या टीकेचा आशय होता.

संशोधनाच्या क्षेत्रात संहितेची खरी कसोटी स्टॅन्ली मिलग्रॅम (१९३३–८४) यांच्या येल विद्यापीठातील आज्ञापालनाच्या प्रयोगांनी लागली. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार ४० पैकी २६ प्रयुक्तांनी दुसऱ्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंतचे विजेचे धक्के देत असल्याच्या समजुतीने कळ दाबली. धक्के खोटे होते. प्रयुक्तांना सुटलेला घाम व कंप मात्र खरा होता. डायना बॉमरिंड (१९२७–२०१८) यांनी १९६४ मध्ये या फसवणुकीवर कठोर टीका केली. १९७३ मध्ये मानवी प्रयुक्तांवरील संशोधनाची स्वतंत्र तत्त्वे प्रसिद्ध करण्यात आली, तीही सभासदांकडून प्रसंग मागवूनच.

गोपनीयतेचा प्रश्न याहून बिकट ठरला. बर्कली येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात उपचार घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने आपण एका तरुणीला ठार मारणार आहोत, असे आपल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितले. त्याने विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले. पोलिसांनी विद्यार्थ्याला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडून दिले. तरुणीला किंवा तिच्या आईवडिलांना कोणीच सावध केले नाही आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये तिचा खून झाला. टारासॉफ खटला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये असा निर्णय दिला, की उपचारार्थीपासून दुसऱ्यास गंभीर धोका असल्यास त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय योजणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे. असे झाल्यास रुग्ण मन मोकळे करणार नाहीत व धोका उलट वाढेल, हा विरोधी युक्तिवाद बहुमताने अमान्य केला. तथापि तो निराधार होता असे म्हणता येत नाही.

२००२ च्या आवृत्तीत हित साधणे व अहित टाळणे, निष्ठा व जबाबदारी, सचोटी, न्याय आणि व्यक्तींच्या हक्कांचा व प्रतिष्ठेचा आदर ही पाच सामान्य तत्त्वे सांगितली आहेत. त्याच आवृत्तीतील एका कलमाने मोठा अनर्थ ओढवला. नीती व कायदा यांतील विरोध मिटविता आला नाही, तर मानसशास्त्रज्ञाने कायद्याचे वा शासकीय अधिकाऱ्याचे म्हणणे पाळावे, अशी मुभा त्यात होती. त्याच सुमारास ग्वांतानामो येथील बंदिशाळेत कैद्यांच्या चौकशीत मानसशास्त्रज्ञ भाग घेत होते. २००५ मध्ये संघटनेच्या कृतिदलाने हा सहभाग संहितेशी सुसंगत ठरविला; या दलातील बहुसंख्य मतदार-सदस्य लष्करी वा गुप्तवार्ता यंत्रणांशी संबंधित होते. सभासदांतून तीव्र विरोध झाला व २००८ च्या सार्वमतात तो स्पष्ट झाला. मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे समर्थन करण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही, अशी दुरुस्ती २०१० मध्ये झाली. डेव्हिड हॉफमन या वकिलाने २०१५ मध्ये दिलेल्या चौकशी अहवालात संघटनेच्या काही अधिकाऱ्यांनी संरक्षण खात्याशी संगनमत करून नियम सैल ठेवल्याचा निष्कर्ष काढला. संबंधितांनी तो नाकारला आहे. त्याच वर्षी संघटनेच्या प्रतिनिधिमंडळाने राष्ट्रीय सुरक्षेसंबंधीच्या चौकशीतील सहभागास १५७ विरुद्ध १ मताने मनाई केली.

भारतात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी व व्यावसायिक वर्तन यांचा अंतर्भाव भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ मध्ये करण्यात आला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने मनोरुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. दुसऱ्या व्यक्तीला इजा किंवा हिंसा यांपासून वाचविण्यासाठी आवश्यक तेवढीच माहिती उघड करता येते, असा अपवाद त्यात आहे. सार्वजनिक सुरक्षितता हाही एक अपवाद मानला असून त्याची व्याप्ती मात्र कलमात ठरवून दिलेली नाही.