लाल बावटा कुणी लावलाच नाही

आष्टी-आर्वीकडच्या जिनिंगमध्ये मजूर आत शिरला, की त्याच्या कानावर विडी तर नाही ना, हे आधी बघावं लागतं. दाबलेल्या गाठीतला कापूस भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहतो. नियम न पाळणारा म्हटलं की आपल्यापुढे तो विडीवालाच येतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 14 एप्रिल 1944 ला दारूगोळ्याचं जहाज फुटलं, तेव्हा नियम धाब्यावर बसवणारे मात्र बहुतेक साहेबलोक होते.

त्याआधी, कराची. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाच्या पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा आहेत. उरलेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी कोंबल्या जातात. कप्तान नायस्मिथ कुरकुरतो, पण युद्धात जागा रिकामी नेणं परवडत नाही. 2 नंबरच्या फाळक्यात खाली कापूस, वर स्फोटकं!

12 एप्रिल, मुंबई. असा माल बाहेर समुद्रातच पडावांवर उतरवायचा, हा जुना शिरस्ता युद्धामुळे सैल झालाय. जहाज थेट धक्क्याला लागतं. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लाल बावटा हवा, तोही चढत नाही. शेजारच्या जहाजांना काही कळायचं कारणच नाही.

14 एप्रिल, दुपारी 12.30. जेवणाची सुट्टी. आसपासच्या काहींना धूर दिसतो. कुणी कळवत नाही.

2 च्या आत-बाहेर. परतलेल्या गोदी कामगारांना धूर दिसतो. पाणी सुरू होतं.

2.15 च्या सुमारास. अग्निशमन दलाला वर्दी जाते, पण जहाजावर स्फोटकं आहेत हे तिच्यात नाही. त्यामुळे दोनच बंब निघतात.

पुढचा तास-दीड तास धक्क्यावर सल्लेच सल्ले. दारूगोळा खात्याचे कॅप्टन ओबर्स्ट बजावतात, जहाज बुडवा, नाहीतर गोदी उडेल. गोदीचे प्रमुख कर्नल सॅडलर म्हणतात, बाहेर काढा. अग्निशमन प्रमुख कूम्ब्स म्हणतात, पाणी मारत राहू. तिघांचीही बाजू ऐकण्यासारखी, पण तिघांच्या वर हुकूम देणारा कुणी नाही. आणि पाणी मारणं तर उलटंच पडतंय. 900 टनांहून जास्त पाणी आत गेलं, त्यावर पेटता कापूस तरंगत तरंगत वरच्या स्फोटकांकडे चाललाय. कापसाच्या मुलखातला एखादा मुकादम तिथं असता तर त्यानं निदान हे ओळखलं असतं.

जहाजाच्या बाजूवर रंगाला फोड येतात. आग नेमकी कुठं आहे ते आत्ता कळतं. पत्रा कापायला गॅस कटर आणतात, तो चालत नाही.

3.50. जहाज सोडण्याचा हुकूम. बंबवाले मात्र पाणी मारतच आहेत.

4.06. पहिला स्फोट. जहाजाचे दोन तुकडे. 12 किलोमीटरवरच्या काचा फुटतात.

4.34. दुसरा स्फोट. पेटता कापूस आणि तापलेलं लोखंड वस्त्यांवर पडतं.

मृतांचा आकडा 800 ते 1,300 असा वेगवेगळा सांगतात. सुमारे 80,000 लोक बेघर झाले. चौकशीत कामगाराच्या विडी-सिगारेटचा संशय धरला गेला. असेलही. पण कापसावर दारूगोळा कामगारानं रचला नव्हता, आणि बावटा चढवणं त्याच्या हातात नव्हतं. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. 14 एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.