संमोहनोपचार
संमोहनाच्या एकाग्र अवस्थेत सूचना देऊन सवय, भीती किंवा वेदनेची जाणीव बदलण्याची पद्धत. मँचेस्टरमध्ये १८४१ साली जेम्स ब्रेड या शल्यचिकित्सकाने मेस्मरपंथी प्रयोगांचा जाहीर खेळ पाहिला. संमोहनाची अवस्था ‘चुंबकीय द्रवा’मुळे येते ही मेस्मरपंथीयांची कल्पना त्याने झटकली आणि आपल्या शस्त्रांची चकचकीत डबी डोळ्यांच्या किंचित वर धरून, तिच्याकडे एकटक बघायला लावून तीच अवस्था आणली. त्याच शहरातील पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये क्षोभी आतड्याच्या ३० रुग्णांवरील संमोहनोपचाराची चाचणी प्रसिद्ध केली. या उपचारात रुग्ण पोटावर तळहात ठेवून आत ऊब पसरल्याची कल्पना करतो, आतड्याची हालचाल संथ नदीसारखी डोळ्यांपुढे आणतो. संमोहनाने धूम्रपान सुटण्याबाबतचा पुरावा मात्र कच्चाच आहे, जाहिराती काहीही म्हणोत. संमोहनात रुग्ण झोपलेला नसतो. नको ती सूचना तो झिडकारू शकतो.